काठावरचे मार्क

परदेशातून एमबीबीएस करून आलेल्या आपल्या रेसिडेंट्सचा आलेख डॉ. विनय आपट्यांनी स्क्रीनवर लावला. इथल्या परवाना परीक्षेत ज्यांना भरपूर मार्क, ते पुढे स्पेशालिटीची बोर्डाची परीक्षाही पहिल्या झटक्यात पास. जे काठावर, ते बहुतेक नापास. गुरुग्रामच्या त्या हॉस्पिटलात मेडिसिनचे प्रमुख असलेल्या विनयना हा शोध भारी आवडला होता. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे आता आकड्यांनीच सांगितलं होतं.

मीटिंग संपून सगळे गेले. मैत्री वानखडे तेवढी मागे राहिली. दिल्लीतल्या द्वारकेत वाढलेली मुलगी, परवाना परीक्षा तिसऱ्या खेपेला सुटलेली, तीही काठावर.

“सर, उद्याची केस मी प्रेझेंट करू? बोर्ड महिन्यावर आलंय.”

“अगं, उद्या सुजय करतोय ना. तू थिअरी पक्की कर. त्याचा निकाल हातचा आहे, तो जायला नको.”

“तो केस करतो तेव्हा वॉर्ड मी बघते, सर. माझ्याआधी मृणालताई बघायच्या, त्यांच्याआधी दिलीप सर. या आलेखात खाली आहेत ते बिल्कुल सगळे वॉर्डवालेच आहेत.”

विनयनी स्क्रीनकडे पाहिलं. खालचा एकेक ठिपका त्यांच्या ओळखीचा होता. हुशारांना बोर्डात करतात तसं पेशंटपुढे उभं करून घोटून घ्यायचं आणि बाकीच्यांना वॉर्डाला जुंपायचं, ही पद्धत त्यांनीच पाडलेली. त्यांना चांगलीच लाज वाटली.

“उद्या तू कर,” ते म्हणाले.

सकाळी सेमिनार रूममध्ये व्हीलचेअरवरून पेशंट आणला. सोनीपतचे म्हातारे ताऊजी, धाप लागते म्हणून दाखल झालेले. मैत्रीने सुरुवात केली आणि तिच्या खिशातला वॉर्डचा फोन वाजला. वाक्य अर्धं टाकून ती दाराकडे निघालीसुद्धा.

“मैत्री, कुठे?”

“वॉर्ड, सर...”

“फोन सुजयला दे. आज वो जाएगा.”

सुजय गोंधळून उठला आणि फोन घेऊन गेला. मैत्री परत पेशंटपाशी येऊन उभी राहिली. तिला पुढचं काही आठवेना. बोर्डातही अशीच उभी राहिली तर, या विचाराने विनय खुर्चीत पुढे सरकले.

ताऊजी तिच्याकडे बघून हसले.

“आराम से बोल, बेटी. मैं कहीं ना जा रहा.”