नरम मूंग

जयसिंहराव मुगाचं पाणी फडक्यातून गाळत होते. दाणे इतके मऊ शिजवले होते की चिमटीत धरावेत तर सापडू नयेत.

"आबा, हे काय करताय?" अवंतिकेने विचारलं. गोव्याच्या प्रयोगशाळेतून दोन दिवसांची सुटी काढून नात आत्ताच हिंदी मुलखातल्या थाटीपुरात, आजोळच्या नव्हे तर वाढल्या घरी पोचली होती.

"तुझंच औषध. दिवसातून चार वेळा. एकेचाळीस दिवसांत एकदाही चुकलं नाही." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. प्रत्येक तारखेत चार खुणा. सरकारी नोकरीत त्यांनी एवढ्या नियमाने काही केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"माझं औषध?"

"फोनवर तूच म्हणालीस. नरम मूंग, त्याचा अर्क काढायचा, त्याने गाठीतल्या पेशी मरतात."

अवंतिका ओट्याला टेकली. "मूंगा, आबा. मूंग नाही. समंदरवाला मूंगा. नरम असतो, पानी में हिलता है."

"पोवळं?"

"हां, पोवळं. तेव्हा शब्दच आठवला नाही."

जयसिंहरावांनी फडकं पिळलं. "पोवळं म्हटलं असतंस तर नई सडकेवर गेलो असतो. सराफ ओळखीचा आहे."

"ते अंगठीतलं कडक असतं. हे वेगळं."

"मग तुमच्याकडचं आण. थेंबभर तरी असेल."

"आहे. पण पेशी मेल्या त्या काचेच्या बशीत. अजून उंदरालासुद्धा दिलेलं नाही."

"माणसाला कधी देणार?"

"दस-बारा साल. जमलं तर."

आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई खोकल्या. डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं, तेव्हा पुढची तारीख दिली नव्हती.

जयसिंहरावांनी गाळलेलं पाणी वाटीत ओतलं.

"मुगाने अपाय तर होत नाही ना?"

"नाही, आबा."

"चला. एक शंका मिटली."

"काय म्हणतेय हो अवंतिका?" आतून क्षीण आवाज आला. "गुण येतोय का, विचारा तिला."

"विचारलं." जयसिंहरावांनी डब्यातून आणखी एक मूठ मूग काढले. "डोस वाढवा म्हणतेय."