मालकाचा पत्ता

डॅनियलचं उत्तर सकाळी सव्वासातला आलं. तुमचे पैसे मंजुरीसाठी पुढे पाठवले आहेत, थोडा धीर धरावा. अपेक्षानं फोन उशीवर आपटला. चार महिने झाले, पहिले पाढे पंचावन्न.

काम मेलबर्नच्या एका कंपनीचं होतं. तिकडच्या डॉक्टरांचं बोलणं हेडफोनवर ऐकायचं आणि घरी बसून टाइप करून पाठवायचं. कंपनीनं तिचं नाव एमिली ठेवलं होतं. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून सगळ्यांनाच तशी नावं. सुरुवातीला पैसे वेळेवर आले, मग थांबले. विचारायचं तर कंपनीच्या ऑफिसातल्या डॅनियलला, आणि तो रोज नव्या शब्दांत तेच सांगणार. त्याचं इंग्रजी तेवढं सोपं होतं, शाळेतल्या अर्जासारखं.

घरात हे बोलायची सोय नव्हती. मोठ्या भावानं, शिवमनं, आधीच बजावलं होतं की कारखान्यातली पक्की नोकरी सोडू नको, परदेशी मालक म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारा. तो स्वतः चिकलठाण्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसे. पहाटे पाचला डबा घेऊन निघे, दुपारी दोनला परते. कसलं काम म्हणून विचारलं, की म्हणे, हिकडचा कागद तिकडं सरकवायचा.

त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक नव्हती. अपेक्षाचा लॅपटॉप आईच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवून आला होता. हात सुजतात म्हणून काढून ठेवल्यात, असं रत्नमालाबाई त्याला सांगत. आता पतसंस्थेची नोटीस आली होती. शनिवारपर्यंत सोडवल्या नाहीत तर लिलाव. वडलांनी केलेला तेवढाच एक दागिना होता, आणि तो आपल्या हौसेपायी चालला, हे अपेक्षाला गिळवत नव्हतं.

सोमवारी नळाला पाणी आलं. आठ दिवसांनी येतं, त्यामुळे त्या दिवशी घरात दुसरं काही सुचत नाही. शिवमनं नेहमीसारखी सुट्टी टाकली. दोघं टाकी, ड्रम, कळशा भरत राहिले. अपेक्षा दर पाच मिनिटांनी ओल्या हातानं फोन बघत होती. डॅनियल गप्प. मधूनच एखादा दिवस तो असा गप्पच असे.

"कुणाची वाट बघतीस गं?" शिवमनं विचारलं.

"कुणाची नाय."

संध्याकाळी तिनं लाज सोडून खरं ते लिहिलं. आईच्या सोन्याच्या बांगड्या गहाण आहेत, शनिवारी लिलाव आहे, माझ्या कष्टाचे पैसे द्या.

मंगळवारी सकाळी सहालाच उत्तर आलं, आणि त्यात धीर धरावा हे शब्द नव्हते. डॅनियलनं लिहिलं होतं की मलाही आई आहे. आमच्याकडे विचारून काही होणार नाही, मालकाला थेट लिहा, पत्ता खाली देतो. तिथल्या कामगार कार्यालयात तक्रार करते म्हणा, तेवढ्या एकाच गोष्टीला तो भितो. फक्त माझं नाव घेऊ नका, माझी नोकरी जाईल.

अपेक्षाचे डोळे भरून आले. तिनं लगेच मालकाला लिहिलं. दुपारच्या आत मालकाचं उत्तर आलं. पैसे दोन दिवसांत देतो, पण हा पत्ता फक्त ऑफिसच्या माणसांना माहीत आहे. तो कुणी दिला, ते आधी कळव.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. बुधवारीही ती गच्चीवर येरझारा घालत होती. नाव सांगावं तर ज्यानं हात दिला त्याचाच हात तोडायचा. न सांगावं तर पाटल्या जातात. दुपारी शिवम जेवायला बसला, तेव्हा तिनं आडून विचारलं, की एखाद्यानं आपलं भलं केलं आणि त्याचंच नाव सांगायची पाळी आली, तर काय करावं.

शिवम हसला. "आधी घरचं बघावं बाई. बाहेरचा काय, घेतो निभावून."

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण कारणं भरपूर असतात. डॅनियलला तिकडं दुसरी नोकरी मिळेल. नाहीच मिळाली तर तिकडचं सरकार बेकारांना भत्ता देतं म्हणे. अपेक्षानं मालकाला एका शब्दाचं उत्तर पाठवलं. डॅनियल.

शुक्रवारी सकाळी चार महिन्यांचे पैसे खात्यात जमा झाले. पतसंस्था उघडायच्या आधी ती दारात उभी होती. अकरा वाजता तिनं आईच्या हातात पाटल्या घातल्या. रत्नमालाबाई हात उलटसुलट करून बघत राहिल्या, आणि अपेक्षा कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. मग ती चहा टाकायला उठली.

तेवढ्यात फाटक वाजलं. शिवम आला होता. डबा तसाच भरलेला.

"आरं, आज लवकर कसा?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"काढलं मला कामावरून." तो उंबऱ्यातच बसला.

असं काय केलंस, असं त्यांनी दोनदा विचारलं. शिवमनं तांब्याभर पाणी पिऊन घेतलं.

"चोरी नाय केली, आई. आमच्या कंपनीचं काम करणारी एक बाई हाय, एमिली म्हणून. तिच्या आईच्या बांगड्या लिलावात चालल्या व्हत्या. तिला मालकाचा पत्ता दिला, एवढंच."

रत्नमालाबाईंना यातलं काहीच कळलं नाही. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या, तशा पाटल्या किणकिणल्या. शिवमनं वळून आईचा हात हातात घेतला.

"घातल्या व्हय पाटल्या? बरं केलंस," तो म्हणाला. "तिच्या आईच्याबी आल्या असतील आता हातात."