रातराणी तोडली त्या संध्याकाळी

रातराणीच्या वासानं साप येतात, म्हणून विमलबाईंनी अंगणातलं झाड सकाळीच बुडापासून तोडलं आणि फांद्या डोणगावच्या नाल्यात फेकून आल्या.

लकव्यानं अंग गेलेल्या त्यांच्या नवऱ्याची, उकंडरावांची खाट अंगणातच असे. दिवेलागणीला रोजचे करडे पतंग आले आणि लांब सोंडा सोडून रिकाम्या हवेत, नेमके फुलांच्या उंचीवर थरथरत राहिले. उकंडरावांना त्यांची कीव आली.

मग एकेक पतंग खाटेकडे वळला.

"अवो, झाड तोडलं तरी मेला वास येऊनच राह्यला," विमलबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "कालच्याहून जास्त! थांबा, एवढी भाकर उतरवतो अन् येतो."

वास उकंडरावांनाही येत होता. त्यांनी श्वास रोखला की पतंग वाट चुकल्यासारखे भिरभिरत. सोडला की सरळ जवळ येत.

पहिला पतंग त्यांच्या ओठांपाशी येऊन अधांतरी थांबला. त्यानं गुंडाळलेली सोंड हळूहळू उलगडली.

उकंडरावांनी जिवाच्या आकांतानं तोंड मिटू पाहिलं. पण लकवा मारल्यापासून त्यांचं तोंड उघडंच राहत होतं.