शेपटीची गाठ

"कात्री ठेवा परत, बेग," कुमुश खातून म्हणाली. "माझा नवरा जिवंत आहे."

म्हाताऱ्या सारिक बेगने कात्री निमूट कमरपट्ट्यात खोचली. हा वजीर रोज सकाळी ती घेऊन तबेल्यापुढे उभा राही आणि बोलणी खाऊन परत जाई.

लढाईला निघताना स्वाराने घोड्याच्या शेपटीला गाठ मारायची, परतल्यावर स्वतःच सोडायची. स्वार मेला तर शेपटी कापायची. तिच्या नवऱ्याचा, बुरीखानाचा, करडा घोडा रिकाम्या खोगिराने एकटाच परतला होता. पण त्याच्या शेपटीची गाठ सोडलेली होती. खान आणि खातून सोडून तिसऱ्याने शेपटीला हात लावला, तर तो घोडा लाथ घातल्याशिवाय राहत नसे.

"गाठ सोडली म्हणजे लढाईही सोडली," बेग पुटपुटला.

"जीभ आवरा!"

खानाच्या आजोबांचं राज्य डोंगरापर्यंत होतं, वडिलांचं नदीपर्यंत. नदीपलीकडचा किल्ला परत घ्यायला खान गेला आणि सगळी फौज गमावून बसला. आता उरलं होतं एवढं शहर. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. सरदार एकेक करून पांगले. खातून मात्र हलली नाही. लहानग्या मुलाला, इल्बारला, शेजारी बसवून ती दरबार भरवी आणि "खान येतील" असं इतक्या ठामपणे सांगे, की तटावरचे शिपाई पळून जायचं विसरले होते.

"ऐका माझं," बेग काकुळतीला आला. "खान मेला की त्याची वचनं, तह, सगळं त्याच्याबरोबर मातीत जातं. हा रिवाज नदीपलीकडचे शत्रूही पाळतात. इल्बारला गादीवर बसवा आणि मोकळ्या व्हा."

"त्याला गादीवर बसवायला त्याचा बाप येईल."

बाप त्याच दुपारी आला. खरबुजांच्या गाडीतून, फाटकी टोपी डोळ्यांवर ओढून. त्याला कुणीच ओळखलं नाही. तो तबेल्यात शिरला तेव्हा घोडा तेवढा खिंकाळला, आणि ते ऐकून खातून धावत आली. त्याच्या गळ्यात पडून ती पोटभर रडली.

"मी सांगतच होते सगळ्यांना!"

"रडतेस काय वेडे? सगळं मिटवून आलोय." खानाचा रुबाब तसाच होता. "शहर आपलंच राहणार. गादीही आपलीच."

"आणि त्याच्या बदल्यात?"

"इल्बार राहील त्यांच्याकडे. ओलीस म्हणजे काय, पाहुणाच की! मुलं काय, आणखी होतील. काठावर नाव थांबलीय, आवर त्याचं."

खातूनने विचारलं, "शब्द दिलात?"

"त्यांच्याबरोबर नान मोडून, शपथेवर दिलाय. खानाचा शब्द आहे, मागे कसा घेणार?"

"खरंय." तिने डोळे पुसले. "दमला असाल. बसा जरा, मी घोड्याला पाणी दाखवून आणते."

तिने घोडा बाहेर काढला आणि तबेल्याला बाहेरून कडी घातली. अंगणात बेग उभाच होता.

"बेग," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "कात्री द्या इकडे."