न पडलेला स्लॅब

“पण मॅडम, पडला कधी?” वकिलानं विचारलं. शब्दाला शब्द वाढवायची खोड, म्हणून अख्खा वर्ग त्याला वकील म्हणायचा.

“पडला नाही,” मॅडम म्हणाल्या.

वर्गाचा विरस झाला. साहजिकच होतं. इंजिनिअरिंग खऱ्या घटनांवरूनच शिकवायचं हा मॅडमचा हट्ट, आणि वर्षभर त्यांनी पडलेले पूल, फुटलेल्या टाक्या, कोसळलेल्या शेड यांच्याच हकिगती सांगितल्या होत्या. पोरं त्या चवीनं ऐकायची. ‘तुम्ही काम थांबवलं असतं का?’ असं विचारलं की झाडून सगळे हात वर. शेवट ठाऊक असला की शहाणपणाला काय तोटा!

आजही आधी सगळे हात वर गेले होते. शाळेच्या सभागृहाचा नवा स्लॅब. काँक्रीटच्या नमुन्यांची ताकद जराशी कमी भरलेली. बांधकाम कंपनीचा मालक म्हणतो, उद्या खालचे टेकू काढा, पुढची कामं अडलीत. साइटवरचा तरुण इंजिनिअर म्हणतो, पंधरा दिवस थांबा.

“मग झालं काय?”

“त्यानं लेखी नकार दिला. त्यानंतर टेकूंना हात लावायची कोणाची छाती झाली नाही. पंधरा दिवसांनी काढले. स्लॅब अजून शाबूत आहे. इंजिनिअरला मात्र दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. मालक आजही सांगत फिरतो, भित्रा होता, तेव्हाच काढले असते तरी काही झालं नसतं.”

मॅडमनी खडू खाली ठेवला. “आता सांगा. थांबवलं असतं?”

एकही हात नाही. मागे कोणीतरी खुसखुसलं.

मॅडमना राग आला, आणि वाईटही वाटलं. तो इंजिनिअर त्यांचा सख्खा थोरला भाऊ. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतलास, असं घरात अजूनही कोणी ना कोणी त्याला ऐकवतंच. एवढं सांगितलं असतं तर पाचपन्नास हात लगेच वर आले असते. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण भावाची कीव करून वर आलेला हात त्यांना नको होता. त्यांनी शब्द गिळले.

तास संपत आला. बॅगांच्या चेनी वाजू लागल्या.

“बसा. मी काहीतरी विचारलंय.”

“पण मॅडम, तो बरोबर होता हे कशावरून?” वकील म्हणाला.

“कशावरूनही नाही. ते सिद्ध व्हायला स्लॅब पडायला हवा होता. खाली माणसं असताना.”

वकिलानं हातातली बॅग पुन्हा खाली ठेवली.

“म्हणजे त्याला कधीच कळणार नाही?”

“नाही. त्याच्या जागी तू असतास, तर तुलाही कळलं नसतं. हे धरून सांग.”

वकिलानं आजूबाजूला पाहिलं. सगळे हात खालीच होते. मग त्याचा हात हळूहळू वर आला, अर्धामुर्धा, कोपर बाकावर टेकवून.

“कोपर उचल,” मॅडम म्हणाल्या. “शेवटच्या बाकापर्यंत दिसू दे.”