निळं बटण

सासूला शिकवत बसायची हर्षदाची सवय उषाबाईंना बिलकुल खपत नसे. आजही नवऱ्याचा, योगराजचा, बंद पडलेला टॅब तिने पेन ड्राइव्ह लावून जागा केला आणि वर बजावलं, "आई, पडद्यावर दोन बटणं आलीत. एकाने टॅब नुसता चालू होईल, दुसऱ्याने आतलं सगळं पुसलं जाईल. मी भावाकडून चार्जर आणते, तोवर हात लावू नका." आत योगराजची बारा वर्षांची साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं होती. गोडादरा भागातलं त्यांचं भरतकामाचं मशीन त्या डिझाइनांवरच चालायचं.

ती गेली आणि पडदा मंद व्हायला लागला. "महाराणी येईस्तोवर मी काय हा विझताना बघत बसू?" म्हणत उषाबाईंनी कणकेच्या हातानेच मोठं निळं बटण दाबलं.

अर्ध्या तासाने हर्षदा आली, तेव्हा टॅब चालू होता आणि आत एकही डिझाइन नव्हतं. काचेवर पिठाचं बोट उमटलं होतं. तेवढ्यात जिन्यावर योगराजची चप्पल वाजली. हर्षदाने घाईघाईने पदराने काच पुसली.

"माझ्याच हातून चुकीचं बटण दाबलं गेलं," ती नवऱ्याला म्हणाली.

योगराज डोकं धरून उंबऱ्यातच बसला. खरं ते उषाबाईंच्या ओठांपर्यंत आलंही होतं.

मग त्यांनी पदर सावरला आणि लेकाला ऐकू जाईल अशा आवाजात सुनेला म्हणाल्या,



"कळत नाही त्यात बोट घालायचं कशाला वं?"