जामीन नको

ओहायोतल्या आमच्या गावात, कोर्टाच्या समोरच, माझं जामीन मिळवून देणारं दुकान आहे. घरचं माणूस पकडलं गेलं की लोक रडत माझ्याकडे येतात. व्हर्ना मात्र उलटंच मागायला आली.

"माझ्या लेकीला, केंड्राला सोडवू नका हो. नशेपायी चोरी करताना सापडलीय. आत आहे तोवर जिवंत तरी आहे. किती वर्षांनी काल मला झोप लागली."

मी हो म्हणालो.

पाच आठवड्यांनी व्हर्नाचे वडील, म्हातारे ऑर्विल आले. जामिनासाठी तारण म्हणून आपल्या ट्रकची कागदपत्रं टेबलावर ठेवून म्हणाले, "सणाच्या दिवशी माझी नात कोठडीत जेवणार? तिच्या आईनं काळजाचा दगड केलाय, मला नाही जमत."

बोलता बोलता त्यांना रडू कोसळलं. व्हर्नाचं बोलणं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी ते गिळलं आणि अर्ज भरला. संध्याकाळी नातीला कुशीत घेऊन त्यांनी मला दहादा दुवा दिला.

त्याच आठवड्यात केंड्रानं पुन्हा सुई टोचून घेतली. इतके दिवस नशेवाचून राहिलेल्या शरीराला जुनी मात्रा झेपली नाही.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी व्हर्ना दुकानात आली. मी माफी मागायला उठलो, तर तिनंच माझा हात धरला.

"एवढं एक करा. मी आधी तुमच्याकडे येऊन गेले होते, हे माझ्या बाबांना कधीच कळू देऊ नका."